दादाच्या आजाराच्या पेशी सापडल्या म्हणे, मग आता गोळ्या बंद करायच्या का?

ताई, नमस्कार. मी पाथर्डी फाट्याला राहते, वय २६, एका सीएच्या ऑफिसात कामाला आहे. माझा दादा ३१ वर्षांचा. अंबडला कंपनीत सुपरवायझर होता, सहा वर्षांपूर्वी त्याला आवाज ऐकू यायला लागले, शेजारचे आपल्यावर लक्ष ठेवतात असं वाटायचं, डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला. गोळ्यांनी बराच फरक आहे, आता मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो. मागच्या महिन्यात पुण्याच्या चुलतभावाने बातमी पाठवली की शास्त्रज्ञांनी जीन्सवरून स्किझोफ्रेनियाच्या नेमक्या १०९ प्रकारच्या पेशी शोधून काढल्या. तेव्हापासून दादा म्हणतोय की मग या गोळ्या उगाच चालल्यात, खरा इलाज अजून यायचाय. आईचंही मन डळमळलंय. मोठे काका म्हणतात पितृदोष आहे, त्र्यंबकला नारायण नागबली करा. आणि मला एक स्थळ आलंय, मुलगा चांगला आहे, पण मला रात्री झोप येत नाही, माझ्यात पण त्या पेशी असतील तर, माझ्या मुलांत गेल्या तर. लाळेवरून जीन टेस्ट होते म्हणे, घरी किट येतं, बारा हजार सांगितलेत. करू का? – एक बहीण, नाशिक

अगं, तू विचारलंस त्या क्रमाने मी जाणार नाही, कारण यातली एक गोष्ट आजच व्हायला पाहिजे. दादाच्या गोळ्या चालू राहिल्या पाहिजेत. अर्ध्या करून बघू, एक दिवसाआड देऊन बघू, सणापुरत्या थांबवू, असलं काही नको. डोस कमी करायचा असेल तर ते त्याचे डॉक्टर बघतील, पुण्याचा चुलतभाऊ नाही. मी उगाच धाक घालत नाहीये, याचे आकडे आहेत. २०१२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय शोधपत्रिकेत ६५ चाचण्यांचा एकत्र हिशोब आला होता, ज्यांची तब्येत औषधावर स्थिर झाली होती अशा पेशंटचा, म्हणजे दादासारख्यांचा. वर्षभरात औषध चालू असलेल्यांपैकी १०० मागे २७ जणांचा आजार परत उलटला, आणि ज्यांचं औषध काढून नुसती दिखाव्याची गोळी दिली त्यांच्यात १०० मागे ६४ जणांचा. २७ सुद्धा काही कमी नाहीत, मला मान्य आहे, पण २७ आणि ६४ मधला फरक म्हणजे दादा सकाळी दुकानात जाणार की परत ॲडमिट होणार, एवढा सरळ आहे.

आता ती बातमी. खोटी नाहीये. १०९ आकडा लिहिलास त्यावरून लगेच कळलं, ते अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लॅरामी डंकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम आहे, जानेवारी २०२५ मध्ये नेचर न्यूरोसायन्स या शोधपत्रिकेत आलेलं. काम चांगलंच आहे, मला वाचताना मजा आली, पण फॉरवर्ड होत होत तुमच्या घरी पोचेपर्यंत त्याचं भलतंच काहीतरी झालंय. नेमक्या पेशी सापडल्या म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं, की कोणीतरी पेशंटचा मेंदू उघडला, मायक्रोस्कोप लावला आणि बिघडलेल्या पेशी दिसल्या, आता फक्त त्या दुरुस्त करायच्या. तसं झालेलं नाही. त्या अभ्यासात स्किझोफ्रेनियाच्या पेशंटचा एकही मेंदू नव्हता. हे वाक्य दादाला दोनदा वाचून दाखव.

मग केलं काय, तर आधीच तयार असलेल्या दोन गोष्टी एकमेकींना जुळवल्या.

पहिली गोष्ट म्हणजे जीन्सची यादी. २०२२ मध्ये नेचर या शोधपत्रिकेत एक प्रचंड अभ्यास आला, ७६,७५५ पेशंट आणि २,४३,६४९ आजार नसलेले लोक. आपल्या डीएनएत तीनशे कोटी अक्षरं असतात, त्यात लाखो जागा अशा की तिथे माणसामाणसात एखादं अक्षर वेगळं असतं, तुझं ए तर माझं जी, आणि त्यामुळे आपलं काही अडतही नाही. या लोकांनी एकेक जागा घेऊन बघितलं की पेशंटमध्ये एखादं अक्षर जरा जास्त वेळा दिसतंय का. जरा म्हणजे किती जरा, तर उदाहरण म्हणून समज पेशंटमध्ये १०० मागे ३२ आणि बाकीच्यांत १०० मागे ३०. बस, एवढंच. इतका बारीक फरक हजार-दोन हजार माणसांत दिसणारच नाही म्हणून तर लाखांनी माणसं लागली. अशा २८७ जागा सापडल्या. आणि गंमत म्हणजे त्यातल्या बऱ्याच जागी जीनमध्ये काही मोडतोड नाहीच, जीनच्या आजूबाजूच्या भागात फरक आहे, जिथून ते जीन किती जोरात चालवायचं हे ठरतं.

अडचण कुठे येते, की डीएनए तर सगळीकडे तोच. यकृतात तोच, कातडीत तोच, मेंदूत तोच. मग या २८७ जागांचा परिणाम शरीरात नक्की कुठे होतो हे नुसत्या यादीवरून कळत नाही. इथे दुसरी गोष्ट कामाला आली. २०२३ मध्ये सायन्स या शोधपत्रिकेत माणसाच्या मेंदूचा एक नकाशा प्रसिद्ध झाला, स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या गटाने केलेला. मृत्यूनंतर मेंदूदान झालेल्या तीन जणांच्या मेंदूतून साधारण १०० ठिकाणचे तुकडे घेतले. गोठवलेल्या मेंदूतली पेशी अख्खी बाहेर निघत नाही, तिचे लांब लांब धागे तुटतात, म्हणून पेशी फोडून नुसती केंद्रकं वेगळी काढतात. मग एकेक केंद्रक एकेका इवल्याशा थेंबात बंद करतात, त्या थेंबात आधीच एक रासायनिक बारकोड ठेवलेला असतो, तो केंद्रकातल्या आरएनएला जोडला जातो, त्यामुळे नंतर सगळं एकत्र ओतून मशीनला वाचायला दिलं तरी कुठला आरएनए कुठल्या केंद्रकातला ते बारकोडवरून कळतं. आरएनए म्हणजे चालू असलेल्या जीनची नक्कल, तेव्हा कुठल्या पेशीत कुठलं जीन चालू आणि कुठलं बंद याचा हिशोब हातात येतो. अशी तीस लाखांवर केंद्रकं वाचली त्यांनी. मी बारावीला शिकवायचे तेव्हा मेंदूच्या पेशी म्हणजे निरोप पोचवणारे न्यूरॉन आणि त्यांना सांभाळणाऱ्या ग्लिया, दोन मार्कांचा प्रश्न, संपला विषय. इथे ४६१ प्रकार निघाले आणि त्यांचे उपप्रकार ३,३१३!

आता जुळवलं कसं ते बघ. समज तुला नाशिक जिल्ह्यातल्या काही माणसांची नुसती नावं दिली आणि विचारलं की या सगळ्यांचा मिळून संबंध कशाशी असेल. तू काय करशील, ही माणसं रोज कुठे कुठे दिसतात ते बघशील. सीबीएसला दिसतील, कॉलेज रोडला दिसतील, ते काय सगळेच दिसतात. पण लासलगावच्या मार्केट यार्डात लिलावाच्या वेळी ती प्रमाणाबाहेर जास्त दिसली, तर तू म्हणशील प्रकरण कांद्याचं दिसतंय. एकेका माणसाबद्दल तुला छातीठोक सांगता येणार नाही, एखादा तिथे नुसता चहा विकत असेल, पण अख्खी यादी म्हणून बघितली की कल लक्षात येतो. डंकन मॅडमच्या गटाने ४६१ प्रकारच्या पेशींत हेच बघितलं, की स्किझोफ्रेनियाच्या यादीशी जोडलेली जीन्स कुठे प्रमाणाबाहेर जास्त चालू असतात. १०९ प्रकारांत तसं दिसलं. त्यात सोमॅटोस्टॅटिन इंटरन्यूरॉन नावाच्या पेशी एकदम ठळक आहेत, या मेंदूच्या बाहेरच्या थरात बाकीच्या न्यूरॉन्सना आवर घालायचं काम करतात. शिवाय भीती-भावनांशी संबंध असलेल्या अमिग्डालातल्या काही पेशी, आणि रेट्रोस्प्लेनियल कॉर्टेक्स म्हणून मागच्या बाजूला आत एक भाग आहे तिथल्या.

हे सगळं नुसतं आकड्यांचं खेळणं तर नाही ना, अशी शंका मला आधी आली होती. म्हणजे मेंदूचा कुठलाही आजार घ्या आणि उत्तर न्यूरॉनच येणार, असं तर नाही? तर नाही. हीच पद्धत अल्झायमरला लावली की बोट मायक्रोग्लियाकडे जातं, मेंदूतल्या साफसफाईच्या आणि राखणदारीच्या पेशी त्या, न्यूरॉन नव्हेतच. आणि मल्टिपल स्क्लेरोसिसला लावली की टी आणि बी पेशी येतात, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या. आजारागणिक उत्तर बदलतंय, आणि अल्झायमरच्या बाबतीत ते इतर पुराव्याशी जुळतंय सुद्धा, २०१३ मध्येच ट्रेम२ नावाचं जीन सापडलं होतं जे मेंदूत मायक्रोग्लियातच काम करतं आणि ज्यातला एक दुर्मिळ बदल अल्झायमरचा धोका बराच वाढवतो. म्हणून मला ही पद्धत भरवशाची वाटते. पण भरवशाची कशासाठी, तर संशोधकांनी पुढे कुठे खोदायचं हे सांगण्यासाठी. पाथर्डी फाट्यावरच्या एका घरातल्या एका मुलाला नेमकं काय झालंय हे ती सांगत नाही, तिला ते विचारलेलंच नाही.

आणि आता तुझ्या झोपेचं. माझ्यात पण त्या पेशी असतील तर, असं लिहिलंयस. अगं आहेतच. तुझ्यात आहेत, माझ्यात आहेत, त्या स्थळातल्या मुलात आहेत, त्याच्या आईत आहेत. या १०९ प्रकारच्या पेशी प्रत्येक माणसाच्या मेंदूत असतात, त्यांच्याशिवाय मेंदू चालायचाच नाही, आणि तो नकाशा मुळात हा आजार नसलेल्या लोकांच्याच मेंदूवरून केलाय. त्या म्हणजे काही गाठ नाही की जंतू नाही की जो तुझ्यात लपलाय आणि मुलांत जाईल. जातात ती अक्षरं, थोडी इकडची थोडी तिकडची, आणि धोक्याची म्हणतात तसली अक्षरं प्रत्येकाकडेच ढीगभर असतात. कोणाकडे थोडी जास्त जमतात, त्यात कोणाचा जन्म अडचणीचा झालेला असतो, कोणी लहानपणी फार सोसलेलं असतं, कोणी कोवळ्या वयात गांजा ओढलेला असतो, आणि सगळं मिळून कधीतरी तोल जातो. बऱ्याचदा जातही नाही.

आकडे हवे असतील तर ऐक, हे युरोपातल्या जुन्या कुटुंब-अभ्यासांवरून आलेत, सगळीकडे शिकवले जातात. सर्वसाधारण १०० लोकांत साधारण एकाला हा आजार होतो. सख्ख्या भावाला असेल तर बहिणीला व्हायची शक्यता १०० मागे ९ च्या आसपास. म्हणजे ९१ बहिणींना होत नाही. भाचा-भाचीला १०० मागे ४, आणि तू स्वतः ठणठणीत राहिलीस तर तुझ्या मुलांचा आकडा त्याहूनही खाली. अगदी तंतोतंत तोच डीएनए असलेल्या जुळ्यांत सुद्धा एकाला असला तरी निम्म्या वेळा दुसऱ्याला होत नाही. शिवाय हा आजार बहुतेकदा सोळा-सतरा ते तिशीच्या आसपास सुरू होतो, बायकांत पुरुषांपेक्षा जरा उशिरा. तू २६ ची आहेस, म्हणजे धोक्याचा बराच काळ मागे पडलाय, सगळा नाही. तुझी आत्ताची झोप उडालीय ती मला तरी साध्या काळजीने उडालेली वाटते. पण ती महिनाभर अशीच राहिली तर दादाच्या डॉक्टरांनाच दाखव, आजारी भावाला सहा वर्षं सांभाळणाऱ्या बहिणीला डिप्रेशन येणं हे स्किझोफ्रेनिया होण्यापेक्षा कितीतरी जास्त शक्य आहे आणि घरात सगळ्यांचं लक्ष दादाकडे असताना ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

किट घेऊ नकोस. स्पष्टच सांगते, बारा हजारांत तुला काय मिळेल, तर एक रंगीत पीडीएफ आणि त्यात तुझा धोका "सरासरीपेक्षा थोडा जास्त" किंवा "थोडा कमी". त्या सगळ्या अक्षरांची बेरीज करून जो स्कोअर काढतात ना, तो २०२२ च्या त्या मोठ्या अभ्यासात सुद्धा माणसामाणसातल्या धोक्याच्या फरकापैकी जेमतेम ७ टक्क्यांच्या आसपास समजावून सांगू शकला. तेही युरोपीय वंशाच्या लोकांत. त्या यादीत मुख्यतः युरोपीय आणि पूर्व आशियाई माणसं आहेत, आपल्याकडची जवळपास नाहीतच, आणि एका लोकसमूहावर बेतलेला स्कोअर दुसऱ्याला लावला की तो आणखी ढिला पडतो. आपल्याकडे काम चालू नाही असं नाही, चेन्नईच्या स्कार्फ संस्थेने ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांबरोबर केलेला भारतीय पेशंटचा अभ्यास २०१९ मध्ये आला, जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पात १०,००० भारतीयांचा जीनोम, म्हणजे अख्खा डीएनए, वाचून झालाय आणि तो डेटा जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुला केला. पण दहा हजार म्हणजे पाया झाला, त्यावर तुझं लग्न ठरवायचं किंवा मोडायचं नसतं. भावाला आजार आहे एवढी एक माहिती त्या किटपेक्षा जास्त सांगते, आणि ती तुला फुकटात आधीच ठाऊक आहे.

दादाकडे परत येते. तो म्हणतो पेशी सापडल्या म्हणजे गोळ्या उगाच. खरं तर उलट आहे, आणि हे त्याला नीट बसून सांग, तो सुपरवायझर होता, त्याला कळेल. १९५२ पासून म्हणजे क्लोरप्रोमॅझिन आल्यापासून या आजाराची जवळपास सगळी औषधं डोपामाइन नावाच्या मेंदूतल्या रसायनाच्या डी२ रिसेप्टरला, म्हणजे ते पेशीवर जिथे चिकटतं त्या दाराला, थोपवून काम करत आलीत. ती जीन्सवरून शोधलेली नव्हती, योगायोगाने सापडली होती. मग २०१४ मध्ये जीन्सची आधीची यादी आली, १०८ जागांची, तर त्यात एक जागा त्याच डी२ रिसेप्टरच्या जीनपाशी निघाली. आणि २०१८ मध्ये नेचर जेनेटिक्समध्ये याच पद्धतीचा आधीचा प्रयत्न आला होता, तेव्हा मुख्यतः उंदराच्या पेशींवरून केलेला, त्यात जे थोडे प्रकार पुढे आले त्यात मीडियम स्पायनी न्यूरॉन होते, मेंदूच्या आतल्या स्ट्रायेटम भागातले, जिथे डी२ रिसेप्टर भरपूर असतात. म्हणजे जीन्सना कोणी सांगितलं नव्हतं की औषध कुठे लागू पडतं, तरी त्यांनी दाखवलेल्या पत्त्यांत एक पत्ता तोच निघाला. दादाची गोळी योग्य दारावर जाते. ती पूर्ण पुरत नाही हे खरं, कारण दारं बरीच आहेत, १०९ म्हणजे हेच.

आणि नवीन इलाज कधी, तर तारीख कोणी देणार नाही. ट्रेम२ चंच बघ, २०१३ ला जीन सापडलं, मायक्रोग्लियाकडे बोट दाखवलं, कंपन्या मागे लागल्या, आणि त्यावर बेतलेलं एक औषध २०२४ च्या शेवटी चाचणीत नापास झालं. अकरा वर्षं! स्किझोफ्रेनियात सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत एका खरोखर वेगळ्या तऱ्हेच्या औषधाला मंजुरी मिळाली, डी२ ला हात न लावणाऱ्या, मस्करिनिक रिसेप्टरवर काम करणाऱ्या, पण ते काही या पेशींच्या शोधातून आलेलं नाही. वाट बघायची तर चालू गोळ्यांवर राहून बघायची.

पण मला एक शंका आहे. बातमी हे निमित्त आहे, दादाला गोळ्या मुळातच नकोशा झाल्यात. सहा वर्षं घेतोय तो. वजन वाढलंय का, सकाळी उठवत नाही का, हात थरथरतात का, पाय एका जागी ठेवता येत नाहीत का, हे विचार. आणि लैंगिक तक्रारी असतात या औषधांनी, त्या तो तुला सांगणार नाही, आईसमोर डॉक्टरांनाही सांगणार नाही, म्हणून पुढच्या वेळी त्याला पाच मिनिटं डॉक्टरांशी एकट्याने बोलू दे, तू आणि आई बाहेर बाकावर बसा. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय असतो, गोळी बदलता येते, डोसची वेळ बदलता येते, रोज घ्यायचा कंटाळा असेल तर महिन्याचं इंजेक्शन असतं. शुगर आणि कोलेस्टेरॉल शेवटचं कधी तपासलं तेही बघ, बारा हजार खर्चायचेच असतील तर त्यातले हजार-दीड हजार इथे घाल. आणि घरच्या मेडिक्लेममध्ये मानसिक आजार नाही असं एजंट म्हणाला तर त्याला मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ दाखव, त्याच्या कलम २१ मध्ये लिहिलंय की मानसिक आजाराला शारीरिक आजारांसारखाच विमा द्यायचा.

काकांचं. नारायण नागबलीने आईच्या मनाला बरं वाटणार असेल तर मी मध्ये पडणार नाही, माझ्या माहितीतली बरीच घरं करून आलीत. पण तीन दिवसांचा विधी असतो तो, त्या तीन दिवसांत दादाच्या गोळ्या वेळच्या वेळी पोटात गेल्या पाहिजेत, उपास-जागरण त्याच्याकडून करून घ्यायचं नाही, झोपमोड झाली की हा आजार उचल खातो. कर्ज काढून करायचं नाही. आणि दादाच्या समोर दोष, शाप असले शब्द नकोत, ज्याला आधीच वाटायचं की लोक माझ्यावर टपलेत त्याला पितर पण टपलेत हे कशाला ऐकवायचं. बाकी पूर्वजांकडून आलं असेल तर ती अक्षरंच आलीत आणि ती मोठ्या काकांकडे पण आलीत, हे हवं तर मनातल्या मनात म्हण.

स्थळाचं मात्र लपवू नकोस. पोहे खायला आले त्या दिवशीच सांगितलं पाहिजे असं नाही, पण सुपारी फुटायच्या आत सांगायचं, आणि मध्यस्थाकरवी नाही, तू स्वतः त्या मुलाला, दोघं गंगापूर रोडला कुठे कॉफीला गेलात की. आधी दादाला विचार, आजार त्याचा आहे, माहिती त्याची आहे, मी एवढं एवढं सांगणार आहे चालेल का म्हणून. मग सरळ शब्दांत: माझ्या भावाला सहा वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे, औषध चालू आहे, दुकानात काम करतो, पुढे आई-बाबांनंतर त्याच्याकडे मी बघणार आहे. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण लग्नानंतर भांडणं जीन्सवरून होत नाहीत, यावरून होतात. त्याला थोडं टेन्शन होतं, असलं गुळमुळीत काही सांगू नकोस, नंतर कळलं की तेच जास्त टोचतं. मुलाने मुलांबद्दल विचारलं तर वर दिलेले आकडे सांग. त्याला डॉक्टरांना भेटावंसं वाटलं तर दादाच्या परवानगीने घेऊन जा. आणि घरच्यांनी नाही म्हटलं तर वाईट वाटेल, वाटू दे, पण ते सुपारीच्या आधी झालेलं परवडलं.

दादा अगदीच ऐकेनासा झाला, गोळ्या थुंकायला लागला, रात्र रात्र जागायला लागला, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्री पण लागतो आणि मराठीत बोलतात. खासगी डॉक्टर परवडेनासे झाले असतील तर सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढा, जुनी फाइल आणि गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, पाकिटं नक्की न्या, तोंडी नावं सांगण्यात फार घोळ होतात.

एक राहिलं. जीन टेस्टला मी सरसकट नाही म्हणत नाहीये. २२ व्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा जन्मतःच गायब असतो काही जणांत, त्यांच्यापैकी चारातल्या साधारण एकाला हा आजार होतो, आणि तसं असेल तर बाकीच्या तब्येतीवर, पुढच्या पिढीवर त्याचा खरंच फरक पडतो. ती टेस्ट डॉक्टर लिहून देतात, जेनेटिक्सच्या लॅबमध्ये होते, लाळेच्या घरगुती किटमध्ये नाही. तेव्हा आईला विचार, दादाला लहानपणी हृदयात दोष सांगितला होता का, टाळू फाटलेली होती का किंवा बोलणं नाकातून यायचं का, कॅल्शियम कमी होऊन झटके आले होते का, शाळेत शिकायला खूपच जड जायचं का. यातलं एक-दोन जरी हो असेल तर त्याच्या डॉक्टरांना सांगा, आणि मलाही परत लिही, त्या टेस्टच्या आधी आणि नंतर काय काय विचारायचं ते मी सविस्तर सांगेन.